पहिल्या मिनिटाची तीस वर्षं

१९९३ च्या सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, प्रकरण न्यायालयातही गेलं. तेव्हा गाजलं ते कुपोषण. जन्मताच न रडलेल्या बाळांचं दुखणं त्याच्याआड झाकलं गेलं.

मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात तेव्हा बाळंतपण बहुधा घरीच, सुईणीच्या हातून होई. बाळ निळं, लुळं जन्मलं की त्याला उलटं धरायचं, पाठीवर थापट्या मारायच्या, कानाशी थाळी वाजवायची. त्यात मोलाची मिनिटं जात. प्राणवायूविना मेंदूला इजा झालेलं बाळ वाचलं तरी पुढे झटके आणि सेरेब्रल पाल्सी त्याच्या वाट्याला येण्याची भीती असे.

यावरचा उपाय विदर्भातच सापडला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी सुईणींना तोंडाने श्वास द्यायला शिकवलं, मग गावातल्या आरोग्यदूताच्या हाती नळी-मास्क आणि १९९९ पासून बॅग-मास्क सोपवला. गुदमरून होणारे नवजात मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटले.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०१४ मध्ये '१०८' रुग्णवाहिका धावू लागली आणि बाळंतपणं दवाखान्यात आली. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयांवरचा भार वाढला. पण धारणी ते अमरावती हा घाटाचा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. न रडलेलं बाळ नुसतं रेफर करून भागत नाही. श्वास जन्मल्या जागीच द्यावा लागतो.

त्यासाठी बाळ कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान किंचित मागे न्यायची, पाठ चोळायची. तरी श्वास नसेल तर मिनिटाच्या आत मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवून बॅग दाबायची. नजर छातीवर, ती उचलली जात नसेल तर बहुधा मास्क नीट बसलेला नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच पुरते, हे २०१० पासून जगभर मान्य आहे.

पुढच्या उपचारांवर फार विसंबता येत नाही. मेंदूची इजा आवरण्यासाठी बाळाचं शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपाय श्रीमंत देशांत रुळला. पण भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या रुग्णालयांतल्या २०२१ च्या 'हेलिक्स' अभ्यासात थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू उलट जास्त निघाले.

म्हणून माझं मागणं एवढंच: वऱ्हाडातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात, रात्रपाळीलासुद्धा, बॅग-मास्क हाताशी असावा आणि तो चालवण्याचा सराव सिस्टरांकडून दर महिन्याला करून घेतला जावा.