कोंबुचा : करण्याची रीत आणि विकण्यापूर्वीचा हिशेब

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत गेल्या काही वर्षांपासून कोंबुचा नावाचे आंबट पेय बाटलीतून विकले जाते. आमच्या वणीतही काही तरुण त्याची चौकशी करतात. चहा, साखर आणि पाणी एवढेच भांडवल, मग नफा का नाही, असा त्यांचा सवाल असतो. आमचा धंदा कापडाचा. पण माल काय आहे हे समजल्याशिवाय तो गिऱ्हाईकापुढे ठेवू नये, हा नियम सर्व धंद्यांना सारखाच आहे.

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. त्यात यीस्ट आणि जिवाणू यांचा मलईच्या जाड चकतीसारखा थर वाढतो. यीस्ट साखरेपासून मद्यार्क व वायू तयार करते. जिवाणू हवेच्या मदतीने त्या मद्यार्काचे आम्ल करतात. सिरकाही याच वाटेने होतो. फरक इतकाच की सिरका शेवटपर्यंत जाऊ दिला जातो, कोंबुचा मध्येच थांबवला जातो. म्हणून त्यात थोडी साखर, थोडे आम्ल आणि अल्प मद्यार्क शिल्लक राहतो.

करण्याची रीत : दोन लिटर पाणी उकळून त्यात १० ग्रॅम चहापत्ती व सुमारे १२० ते १४० ग्रॅम साखर घालावी. गाळून पूर्ण थंड होऊ द्यावे. मग चकती आणि आधीच्या घाणीचे २०० मिलिलिटर आंबट पेय त्यात घालावे. गरम चहात चकती मरते. हे जुने पेय वगळू नये, कारण त्याच्या आंबटपणामुळेच सुरुवातीला बुरशी लागत नाही.

भांडे काचेचेच घ्यावे. तांब्या-पितळेची भांडी किंवा रंगीत झिलईच्या बरण्या वापरू नयेत. आम्लामुळे धातू, काही झिलईंतले शिसेसुद्धा, पेयात उतरते. तोंडाला झाकण नव्हे, कापड बांधावे, कारण हवा लागते. विरळ मलमल चालत नाही, तिच्यातून चिलटे आत जातात. घट्ट विणीचे मांजरपाट खळ धुऊन, वाळवून, दुहेरी बांधावे.

साधारण ७ ते १० दिवसांत पेय तयार होते. आम्लता तपासण्याच्या कागदी पट्टीवर पी-एच ४.२ च्या खाली आला पाहिजे. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर चकतीसह सर्व फेकून द्यावे.

हवामान : या कामाला २४ ते ३० अंश तापमान मानवते. वणीचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घाण लवकर बिघडते. सुरुवात पावसाळ्यानंतर करणे बरे.

खरा प्रश्न मद्यार्काचा : बाटली बंद केली की हवा तुटते. मद्यार्काचे आम्ल होणे थांबते, पण यीस्टचे काम चालूच राहते. फळांचा रस घातला तर त्याला आणखी साखर मिळते. बाटली उन्हातल्या दुकानात राहिली तर मद्यार्क वाढतो आणि वायूने बाटली फुटूही शकते. २०१० साली अमेरिकेत मद्यार्क ०.५ टक्क्यांहून जास्त असण्याच्या शंकेने कोंबुचा दुकानांतून काढावा लागला होता. आपल्याकडे २०१८ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसारही ०.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्काचे पेय मद्यात मोडते.

शरीयतचा हुकूम सांगणे आमचे काम नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ मध्ये ०.५ टक्क्यांहून कमी मद्यार्क असलेले, अपायकारक नसलेले आंबवलेले पेय हलाल ठरवले. परंतु आपल्या बांधवांनी धंद्यात पैसा घालण्यापूर्वी आपल्या मुफ्ती साहेबांना ही सर्व प्रक्रिया सांगून विचारावे. नुसते 'चहाचे सरबत आहे' असे सांगून विचारणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे होय.

विकायचे असल्यास : अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी घ्यावी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मद्यार्काची तपासणी करावी, तीही ताज्या बाटलीची आणि काही आठवडे ठेवलेल्या बाटलीचीही. चवीवरून मद्यार्क कळत नाही. माल कारखान्यापासून गिऱ्हाईकापर्यंत थंड राहिला पाहिजे, त्या फ्रिजचा आणि विजेचा खर्च हिशेबात धरावा. मधुमेह बरा होतो असले दावे लिहू नयेत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. गर्भवती स्त्रिया व अशक्त रोग्यांनी हे पेय टाळावे, हे बाटलीवर स्पष्ट छापावे.

चहा-साखरेचा खर्च थोडा आहे, हे खरे. पण या मालात मोठे भांडवल आहे ते थंडावा, तपासणी आणि गिऱ्हाईकाचा विश्वास यांचे. ते ज्याच्यापाशी असेल त्यानेच हा धंदा करावा.