नारूचा माग : परळची प्रयोगशाळा, चित्रदुर्गाच्या विहिरी आणि सीमाभाग

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडून अथणीच्या दिशेने जसजसे पूर्वेस जावे, तसतसा पाऊस उणावत जातो, आणि दख्खनच्या या कोरडवाहू पट्ट्यात नळ व हातपंप येण्यापूर्वी गावाची तहान बहुधा पायऱ्यांच्या विहिरींवर भागत असे. बारमाही साचलेले पाणी आणि त्यात उतरून घागर भरणारी माणसे, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की नारू या परोपजीवी कृमीचे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणाऱ्या जंताचे, जीवनचक्र पूर्ण होई.

या कृमीची मादी 60 ते 100 सेंटिमीटर लांब, पण जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. ती त्वचेखालून सरकत बहुधा पायाशी पोहोचते आणि तेथे फोड उठवते. आग शमवण्यासाठी रोग्याने पाय पाण्यात घातला की फोड फुटून हजारो अळ्या पाण्यात सुटतात. बाहेर डोकावणारा नारू काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढणे, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय होता. तो मध्येच तुटला, तर जखम चिघळून ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकरी अंथरुणाला खिळे. लागण झाल्यापासून कृमी बाहेर पडेपर्यंत सुमारे वर्ष जात असल्याने यंदाच्या जखमेचा संबंध गेल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याशी जोडणे कोणालाही सहजासहजी सुचण्याजोगे नव्हते.

हा दुवा प्रथम रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को यांना 1870 च्या सुमारास तुर्कस्तानात सापडला. नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलचरात शिरून वाढतात, असे त्यांनी दाखवले. पुढे रॉबर्ट लायपर यांनी माकडावर प्रयोग करून हे सूत्र पुढे नेले. मात्र माणसाला लागण याच मार्गाने होते, याचा थेट पुरावा अद्याप हाती नव्हता.

तो मुंबईत मिळाला. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी सुरू केलेल्या प्लेग प्रयोगशाळेचे 1906 मध्ये परळ येथील बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत रूपांतर झाले होते आणि बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. या प्रयोगशाळेतील ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड, ज्यांचे आडनाव इंग्रजी नियतकालिकांत तुरखुड असे छापले जाई, यांनी 1913 मध्ये स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना अळ्यांनी बाधित सायक्लॉप्स पाण्यातून देऊन नारूची लागण घडवून दाखवली. आजच्या संशोधननीतीच्या कसोटीवर असा प्रयोग सहजी उतरणार नाही; तथापि पिण्याचे पाणी हाच नारूचा मार्ग आहे, यावर त्यानंतर वाद उरला नाही.

मार्ग कळला की तो कोठे तोडायचा, हेही ठरवता येते. म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती आणि डब्ल्यू. सी. स्वीट यांनी 1930 च्या दशकात नेमके हेच केले. सायक्लॉप्स खाणारे लहान मासे विहिरींत सोडून रोगाचा वाहकच हटवता येतो, हे त्यांनी मांडले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेला, आणि मुंबईच्या व म्हैसूरच्या या दोन्ही संशोधनधारा एकाच जिल्ह्याच्या वारशात आल्या.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र व कर्नाटकासह सात राज्यांत मिळून 1984 साली 39,792 रुग्ण नोंदले गेले. नारूवर लस नव्हती आणि कृमी मारणारे औषधही नव्हते. म्हणून पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, विहिरींत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारणे, पायऱ्या बंद करून रहाट किंवा हातपंप बसवणे आणि घरोघर रुग्ण शोधून त्यांना पाण्यात उतरू न देणे, हीच शस्त्रे वापरली गेली. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

या यशाचे श्रेय गावोगावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहेच; पण गाळण्याचे फडके नेमके का उपयोगी पडते, हे ज्यांच्यामुळे सिद्ध झाले, ते तर्खड मराठी वाचकांना जवळपास अपरिचित राहिले आहेत. सीमाभागाच्या आरोग्येतिहासात त्यांना आणि मूर्तींना एकत्र स्थान मिळणे आवश्यक आहे.