पाणी तोडू नका, पीक निसवत आहे

भाताला लावणीपासून पाणी दिले, खत घातले, भांगलण केली, आणि नेमके निसवण्याच्या वेळी पाणी तोडले, तर हाती पोचट दाणा येतो. शेतकरी वाचकांना हे आम्ही सांगायला नको. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे बहुधा असेच होते.

मनाच्या आजारावर गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. तो डॉक्टरच असतो. त्याच्या जोडीला रोग्याशी तास-तास बोलणारा, चाचण्या घेणारा आणि घरच्यांना समजावणारा माणूस लागतो. तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आपल्याकडे उणीव आहे ती या माणसाची. 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 12 राज्यांत पाहणी केली. दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना मनाचा काही ना काही विकार आढळला आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार होत नव्हते.

हे काम करायला बी.ए., एम.ए. पुरत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जी व्याख्या आहे, तीत एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्ण वेळ शिक्षण आणि जाणकारांच्या देखरेखीखाली रोग्यांसोबतचे काम धरले आहे. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. काही सरकारी संस्थांत या दोन वर्षांत विद्यावेतन मिळते, पण जागा मोजक्याच. खाजगी ठिकाणी उलट मोठी फी भरावी लागते.

आणि इथेच पाणी तुटते. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, पाकीट मिळते, पदवीपर्यंत सरकारी शिष्यवृत्तीही मिळू शकते. पण एम.ए. झालेली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असते. घरी लग्नाचे बोलणे सुरू होते, धाकट्या भावाची फी असते. “आणखी दोन वर्षे कशाला?” असे वडील विचारतात. मुलगी मिळेल ती नोकरी धरते आणि पाच वर्षांचे शिक्षण दारापाशी थांबते.

यात नुकसान तिच्या एकटीचे नाही. त्याच कायद्याप्रमाणे रोग्याला त्याच्या आजाराची व उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. बेळगाव-खानापूरकडचा मराठी शेतकरी धारवाडच्या इस्पितळात जातो, तेव्हा “छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं” हे त्याचे बोलणे जसेच्या तसे कळणारा माणूस समोर लागतो. दुभाष्यामार्फत दुःख अर्धेच पोहोचते.

गोव्यात ‘संगत’ ही संस्था 1996 पासून या क्षेत्रात आहे. तेथील एका अभ्यासात डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून आरोग्यकेंद्रांत उदासीच्या रोग्यांसाठी नेमले. त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील रोग्यांना त्याचा चांगला गुण आला. मात्र अशा कार्यकर्त्यांना शिकवायला आणि अडल्यास सल्ला द्यायलाही पूर्ण शिकलेला माणूस हवाच.

म्हणून आमचे सांगणे असे. गावचे मंडळ, सहकारी सोसायटी किंवा परदेशी असलेले गावकरी शिष्यवृत्ती ठेवणार असतील, तर दहा पाकिटांऐवजी एकाच विद्यार्थ्याची शेवटची दोन वर्षे उचलावी. फीबरोबर खोलीभाडे आणि जेवणखर्चही धरावा. परत येऊन काही काळ आपल्या भागात काम करण्याची अट घालायची तर ती आधीच स्पष्ट बोलून घ्यावी.

विद्यार्थ्यांनी प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे पाहावे. एम.फिल. पदवी बंद करण्याचे धोरण 2022 साली आले, या विषयाला 2025-26 पर्यंत मुदत मिळाली, आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये. गोव्यातील विद्यार्थ्यांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचीही चौकशी करावी.

पुढे नोकरी आहे का, असे पालक विचारतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या माणसासाठी जागा ठेवलेली आहे. ती भरायला आपल्या भागातला उमेदवार तयार असावा, एवढेच आपल्या हातात आहे.