मनगटाचं कोण ऐकणार?

गणेशोत्सव तोंडावर आला की डीजेबंदीच्या बातम्या आणि बँजो पार्ट्यांच्या सुपाऱ्या एकदमच सुरू होतात. डेसिबलचं पुराण सगळ्यांना पाठ आहे, ते लावत नाही. मला बोलायचंय या पार्ट्यांत काठ्यांनी वाजणाऱ्या ऑक्टोपॅडबद्दल.

१९८५ साली रोलँड कंपनीने काढलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला, ‘पॅड-८’ला, स्वतःचा आवाजच नव्हता. काठी पडली की तो ‘मिडी’ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामायिक भाषेत, तारेतून दुसऱ्या यंत्राला कळवायचा: कुठलं पॅड आणि किती जोर. जोराचं माप जेमतेम १२७ पर्यंत. पुढे पॅडच्या पोटात शेकडो आवाज आले, पण वादकाला विचारायचे प्रश्न तेच राहिले. म्हणून आज त्यावर ढोलकीचा घुमारा ऐकू येतो तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला. वादक फक्त त्याला हाक मारतो. मिरवणुकीत खपून जातं. बैठकीत नाही.

डग्गा वाजताना बघा. बोटांनी ‘घे’ उमटला की खरी कारागिरी त्यानंतर सुरू होते. मनगट पुडीवर दाबत शाईकडे सरकतं, ताण वाढतो, स्वर चढतो. हा घिस्सा टिपायला कुठला सेन्सर घ्यायचा?

हाताशी असते ती पिझोची चकती. स्वस्त, आणि थापेचा क्षण नेमका पकडणारी. पण तिला कळतो तो बदल. दाब धरून ठेवला की तिचा व्होल्टेज ओसरतो. दुसरा पर्याय फोर्स सेन्सिंग रेझिस्टरचा: दाबलं की विद्युतरोध घटतो, अशी पातळ पट्टी. दाब धरून ठेवा, ती सांगत राहते. वजन करायला ती कुचकामी, दोन पट्ट्याही अगदी सारख्या निघत नाहीत. नसू देत! वाद्याला ग्रॅम कुठे मोजायचेत?

प्रिन्स्टनमध्ये अजय कपूर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ई-तबल्यात याच पट्ट्या होत्या. डग्ग्यावरच्या मनगटाची दखल त्यांनी घेतली, हे मला त्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा मोठं वाटतं.

वेळेचंही गणित आहेच. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी हात हलल्यापासून आवाज येईपर्यंत १० मिलिसेकंदांची मर्यादा सुचवली होती. थापेचा जोर ठरवायला पिझोच्या संकेताचं शिखर येईतो थांबावं लागतं, त्यात यातलेच थोडे खर्ची पडतात. म्हणून मी तरी दोन्ही लावीन: थापेला पिझो, मनगटाखाली पट्टी. स्वर चढवण्या-उतरवण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्यांची सोय १९८३ पासून आहे. आपल्या बाजारातल्या ऑक्टोपॅडवर मनगट टेकवायला जागा मात्र अजून कुणी ठेवलेली दिसत नाही.