वाट पाहण्याचा जाच

रात्रीं घरचें माणूस वेळेवर परतलें नाहीं, म्हणजे आपण पुनःपुन्हा दाराशीं जातों. हा केवळ मनाचा दुबळेपणा काय?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ व्यक्तींना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवून, त्याखालीं साप आहे कीं नाहीं, हें ओळखावयास सांगितलें. साप निघाला कीं हाताला विजेचा धक्का बसे. आणि त्याचा संभव सारखा पालटत असे. घाम व डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार यांवरून ताण मोजला. धक्का निश्चित असतां ताण सर्वांत अधिक असेल, असें आपणांस वाटेल; पण तो सर्वाधिक आढळला संभव निम्मा असतां!

मेंदू गत अनुभवावरून पुढील घटनेचा अंदाज बांधतो व चुकला कीं तो सुधारतो. संभव निम्मा असला म्हणजे अंदाजाला आधारच उरत नाहीं. मात्र हा ताण व्यर्थ नसावा; ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर अधिक नेमका कमीजास्त होई, त्यांचेच अंदाज अधिक अचूक ठरले.

तेव्हां दाराशीं घुटमळणाऱ्या आईला हसूं नये. उशीर होणार असेल, तर निरोप तेवढा अवश्य धाडावा.