जुन्या संगणकाला बिनतारी जोड

संगमनेरातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती माती-विटांच्या, दीड हात जाड आहेत. उन्हाळ्यात त्यांचा गारवा सुखाचा वाटतो. पण वाय-फायच्या लहरींशी त्यांचं जमत नाही. राउटर पुढच्या खोलीत, माझा संगणक मागच्या. संगणकही जुना, टेबलावरचा. लॅपटॉपसारखी वाय-फायची सोय त्याच्या पोटात नाही.

'नवा घ्या' असं सगळेच सांगतात. पण माझ्या पंधरा-वीस वर्षांच्या कविता त्या संगणकात आहेत, त्याही युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये. दुसरीकडे उघडल्या की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. त्या युनिकोडमध्ये उतरवून संपादकांना पाठवायच्या, तर या यंत्राला इंटरनेट हवंच होतं.

यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा बोटभर वाय-फाय अडॅप्टर मिळतो, एवढं ऐकून होतो. दुकानात गेलो आणि ज्या खोक्यावर सर्वांत मोठा आकडा होता, ते घेऊन आलो. तो चालला नाही. मग भाचा आला. म्हणाला, "मामू, आकडा नंतर बघा. आधी आपलं यंत्र बघा." त्याने जे शिकवलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पोर्टची. यूएसबी २.० हा प्रकार २००० साली आला. त्याची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ च्या ३.० ची पाच हजार. ३.० च्या पोर्टमध्ये बहुधा निळी पट्टी दिसते. माझ्या यंत्राला सगळे पोर्ट काळे, २.० चे. टाकी कितीही मोठी असो, नळ अर्ध्या इंचाचा असेल तर पाणी तेवढंच येणार.

दुसरी गोष्ट त्या मोठ्या आकड्याची. 'एसी १२००' म्हणजे ३०० आणि ८६७ यांची बेरीज, वर गोळाबेरीज करून छापलेली. 'एसी ६००' म्हणजे १५० आणि ४३३. हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांचे असतात आणि अडॅप्टर एका वेळी एकच पट्टा वापरतो. शिवाय ही झाली कागदावरची कमाल गती. घरात ती बरीच कमी मिळते. तुमचं कनेक्शनच ५० किंवा १०० मेगाबिटचं असेल, तर मोठ्या आकड्याचे पैसे वाया जातात.

तिसरी गोष्ट या पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्या पोहोचतात. पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. म्हणून दोन्ही पट्टे पकडणारा, म्हणजे 'ड्युअल बँड' अडॅप्टर घ्यावा. भिंती जाड असतील तर नखाएवढा नको, अँटेनावाला घ्या. तोही सीपीयूच्या मागे खोचू नका. पत्र्याचा डबा लहरी अडवतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर उंच ठेवा. या एका वायरने माझा अर्धा प्रश्न सुटला.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि अडॅप्टर यांच्यातला दुभाषी. माझ्या खोक्यावर विंडोज १० आणि ११ एवढंच लिहिलेलं. माझ्याकडे विंडोज ७. दुभाषीच नाही, तर संवाद कसा होणार? म्हणून खोक्यावर आपल्या प्रणालीचं नाव वाचूनच पैसे द्या. एकाच मॉडेलच्या वेगळ्या 'व्हर्जन'मध्ये चिप वेगळी असू शकते, तेही विचारा. ड्रायव्हर सीडीवर असेल आणि सीडी ड्राइव्ह बंद पडला असेल, तर मोबाइल वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. संगणकाला तात्पुरतं इंटरनेट मिळतं, आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवता येतो.

आता धोक्याचं. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असं यंत्र इंटरनेटला जोडणं म्हणजे कडी न लावता झोपणं. भाच्याने आधी सगळ्या कविता दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग त्याच संगणकात लिनक्स ही मोफत प्रणाली शेजारी बसवली. इंटरनेट फक्त लिनक्समध्ये; विंडोज जुन्या फॉन्टपुरतं. दुकानदाराने अडॅप्टर बदलून दिला: एसी ६००, अँटेनावाला, एमटी ७६१० यू चिपचा. या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असतो.

आणि हो, राउटरपासून साधी लॅनची वायर नेता येत असेल, तर अडॅप्टर घेऊच नका. वायरीइतकं भरवशाचं काही नाही. आमच्या भिंतीला भोक पाडायला घरातून परवानगी मिळाली नाही, म्हणून हा खटाटोप.

परवा वीस वर्षांपूर्वीची एक कविता संपादकांना पाठवली. त्यांच्या पडद्यावर ती मराठीतच उघडली.