रॅलीच्या हेल्मेटमधला आवाज

रॅलीची गाडी दोघं मिळून चालवतात. स्टिअरिंग एकाच्या हातात असतं आणि पुढचं वळण कसं आहे, हे शेजारचा को-ड्रायव्हर वहीतून वाचून सांगत असतो. उंचवट्यापलीकडचं काही दिसत नसतानाही ड्रायव्हर अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत नाही, कारण पलीकडे काय आहे ते त्याच्या कानावर आधीच पडलेलं असतं. त्यामुळे या खेळात हेल्मेटला डोकं सांभाळायचं असतंच, पण हे बोलणंही पोहोचवायचं असतं. दुसऱ्या कामाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

वहीत काय असतं

स्पर्धेआधी दोघं त्या रस्त्यावरून सावकाश जाऊन येतात. याला रेकी म्हणतात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर वळणं सांगतो आणि को-ड्रायव्हर लिहून घेतो. दुसऱ्या फेरीत तपासणी होते. यातून पेस नोट्स तयार होतात. ‘हंड्रेड, लेफ्ट सिक्स ओव्हर क्रेस्ट, इंटू राइट थ्री टाइटन्स, डोंट कट’ ही अशीच एक ओळ. शंभर मीटर सरळ, मग उंचवट्यावरून डावीकडे जेमतेम वळण, लगेच उजवीकडे आवळत जाणारं वळण, आणि तिथे आतली कड कापायची नाही. बऱ्याच पद्धतींत सहा म्हणजे सर्वांत वेगवान वळण, एक म्हणजे सर्वांत कठीण; काही जण हे आकडे उलटेही वापरतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ‘टाइटन्स’ हा एक शब्द ऐकू आला नाही, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

१९५५च्या इटलीतल्या मिल्ये मिल्या शर्यतीत ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस आणि शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन यांनी अशाच टिपणांची लांबलचक गुंडाळी एका पेटीत बसवली होती. उघड्या मर्सिडीजमध्ये बोलणं अशक्य, म्हणून जेन्किन्सनने सगळं हाताच्या खुणांनी सांगितलं. सुमारे १,६०० किलोमीटरचं अंतर त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं आणि शर्यत जिंकली.

गोंगाटातून शब्द वेगळा काढणं

रॅलीच्या गाडीत आवाज शोषून घेणारं अस्तर नसतं. गिअरबॉक्स किंचाळतो, खालच्या पत्र्यावर खडीचा मारा चालू असतो. यावर उपाय दोन. पहिला, हेल्मेटच्या आतच कान पूर्ण झाकणारे कप आणि त्यांत स्पीकर. सर्किटवरच्या शर्यतींत एफआयए ही मोटार शर्यतींची जागतिक संघटना हेल्मेटमध्ये स्पीकर बसवू देत नाही, तिथे कानात बुचासारखा इअरपीस घालतात. रॅलीला मात्र स्पीकरची मुभा आहे.

दुसरा उपाय माइकचा. या माइकला पुढून आणि मागून, दोन्हीकडून आवाज शिरतो. गाडीचा गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि स्वतःलाच मारतो. ओठांजवळचा आवाज मात्र पुढून जोरात येतो, म्हणून तो टिकतो. इथे अंतर फार महत्त्वाचं आहे. माइक जवळपास ओठांना टेकलेला हवा. बोटभर जरी लांब गेला, तरी बोलणंही गोंगाटासारखंच पुसलं जातं. इंटरकॉमबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

दोघांची हेल्मेटं वायरने एका छोट्या अॅम्प्लिफायरला जोडलेली असतात. दुचाकीस्वारांचा ब्लूटूथ संच इथे नको. आवाजाला होणारा क्षणभराचा उशीर आणि मध्येच संपणारी बॅटरी, दोन्ही परवडणारं नाही. प्लग मात्र झटक्यात सुटणारा हवा, म्हणजे घाईत बाहेर पडताना वायर अडकत नाही.

डोकं आणि मान

मोटारसायकलचं हेल्मेट रॅलीत चालत नाही. मोटारीच्या हेल्मेटची रोल केजच्या, म्हणजे गाडीतल्या संरक्षक पिंजऱ्याच्या, नळीवर आपटण्याची आणि आगीत टिकण्याचीही चाचणी होते. एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल एसए हे शिक्के त्यासाठी पाहायचे. माइक बसवायला कवचाला स्वतः भोक पाडणं हा तर जिवाशी खेळ आहे.

पण मानेसाठी नुसतं हेल्मेट पुरत नाही. १९८१मध्ये अमेरिकेतल्या मिड-ओहायोच्या सर्किटवर रेनो ५ टर्बो चालवताना ड्रायव्हर पॅट्रिक जाकमार गेला. डोकं पुढे फेकलं जाऊन कवटीचा तळ फुटला होता. त्याचा मित्र जिम डाउनिंग आणि डाउनिंगचा मेहुणा, बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांनी यावर हान्स तयार केलं: खांद्यावर बसणारी, पट्ट्यांखाली दाबली जाणारी आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेली चौकट. फॉर्म्युला वनने २००३मध्ये ते सक्तीचं केलं. मग जागतिक रॅलीतही ते आलं.

आवाज बंद पडला तर

इंटरकॉम बंद पडतो तेव्हा को-ड्रायव्हर ओरडतो किंवा बोटांनी आकडे दाखवतो, आणि वेग उतरवावाच लागतो. अपघात झाला, तर हिरवा ‘ओके’ किंवा लाल ‘एसओएस’ फलक मागून येणाऱ्यांना दाखवायचा. टास्मानियात तयार झालेल्या रॅलीसेफसारख्या यंत्रामुळे पुढे थांबलेल्या गाडीची सूचना मागच्या गाडीत थेट पडद्यावर येते, मोबाइलचं नेटवर्क नसलं तरी.

आपल्याकडे घेताना

नाशिकच्या मातीवर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत, पुण्याचे संजय टकले परदेशी रॅलींत उतरले आहेत. नवीन मुलं हे पाहून येतात आणि बहुतेक पैसा हेल्मेटच्या कवचावर घालतात. मी सांगेन, दोघांची हेल्मेटं आणि अॅम्प्लिफायर एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे माइक आणि प्लग अनेकदा जुळत नाहीत. रेकीच्या दिवशीच हेल्मेट घालून, इंजिन चालू ठेवून, दोघांनी वहीचं एक पान वाचून ऐकावं.